जीडीबीला आपला छोटा रिस्क-फाइव्ह कोअर जोडताना: माहीत नसेल तिथं शून्य दाखवू नका

तापीकाठ, भुसावळ

राम राम मंडळी. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या बागांसाठी आम्ही काही मित्र मिळून ड्रिपचे व्हॉल्व्ह आणि मोटर चालवणारा कंट्रोलर बनवतोय हे इथं बऱ्याच जणांना माहितीय. त्यात बाजारातली तयार चिप न घेता एफपीजीएवर, म्हणजे हवं ते सर्किट आत भरता येणाऱ्या चिपवर, आमचा स्वतःचा रिस्क-फाइव्ह (एक खुला इन्स्ट्रक्शन सेट) कोअर, म्हणजे प्रोसेसर, बसवलाय. आरव्ही३२ईसी, म्हणजे ३२ बिटचाच, पण रजिस्टर ३२ ऐवजी १६, आणि चार बाइटच्या जोडीला दोन बाइटच्या कॉम्प्रेस्ड इन्स्ट्रक्शनही चालतात. कोअर चालला, जीसीसी कंपायलर त्याच्यासाठी कोड काढून देतो, पण प्रोग्राम मध्येच कुठे अडकला तर यूआर्टवर, म्हणजे सिरीयल पोर्टवर, प्रिंट टाकत बसण्यापलीकडे काही हाताशी नव्हतं. मग जीडीबी, म्हणजे प्रोग्राम थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारा डीबगर, जोडायला घेतला, आता ते काम बऱ्यापैकी उभं राहिलंय, म्हणून हा धागा. आपल्याकडच्या पोरांना प्रोजेक्टला हे सारखं लागतं आणि मराठीत नीट लिहिलेलं हाती लागत नाही.

जे सांगायचंय ते आधीच सांगतो. नव्या आर्किटेक्चरला डीबगर जोडताना तो एरर देऊन बंद पडला तर फार काही बिघडत नाही, लगेच कळतं आणि दुरुस्त होतं. घात होतो तो डीबगर गुपचूप चुकीचा आकडा दाखवतो तेव्हा, कारण डीबगरने दाखवलेलं माणूस खरं धरून चालतो आणि मग चांगला चाललेला कोड उसवत बसतो. म्हणून आमच्या कामात एकच नियम ठेवला, जे माहीत नाही ते माहीत नाही असंच दिसलं पाहिजे.

जीडीबीची रचना थोडक्यात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये तो लिहिला, पुढे बरीच वर्षं एका बिल्डमध्ये एकच आर्किटेक्चर असायचं आणि प्रोसेसरची सगळी माहिती हेडरमधल्या मॅक्रोत भरलेली असायची. आता ती माहिती जीडीबीआर्क नावाच्या एका ऑब्जेक्टमध्ये असते, रजिस्टर किती, पीसी (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) कोणता, ब्रेकपॉइंटची, म्हणजे प्रोग्राम हव्या त्या जागी थांबवायची, इन्स्ट्रक्शन काय, फंक्शनला आर्ग्युमेंट कसे जातात, स्टॅकवरून मागची फ्रेम, म्हणजे बोलावणाऱ्या फंक्शनची जागा, कशी शोधायची, सगळं त्यात. प्रत्येक आर्किटेक्चरची एक टीडेप फाइल असते, ती हा ऑब्जेक्ट भरते. एका बाजूला ईएलएफ (तयार प्रोग्रामची फाइल) आणि तिच्यातल्या ड्वार्फ नावाच्या डीबग माहितीतून सिम्बॉल, म्हणजे फंक्शन-व्हेरिएबलची नावं आणि पत्ते, येतात, दुसऱ्या बाजूला टार्गेट, म्हणजे खरा बोर्ड, आणि या दोघांना जोडणारा तो जीडीबीआर्क. पोर्ट करायचा म्हणजे मुख्यतः हा मधला भाग भरायचा, आणि बोर्डवर जीडीबीशी बोलणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे स्टब, लिहायचा.

पांझरा, धुळे

दादा एक शंका. जीडीबीमध्ये रिस्क-फाइव्ह आधीपासून आहे ना, उबंटूवर जीडीबी-मल्टिआर्क टाकलं की मिळतं, मी क्यूईएमयू एम्युलेटरला जोडून बघितलंय. मग तुम्हाला परत काय करावं लागलं?

तापीकाठ, भुसावळ

बरोबर विचारलंस. रिस्क-फाइव्ह २०१८ पासून मूळ जीडीबीत आहे, ८.२ व्हर्जनमध्ये आलं, त्यामुळे टीडेप फाइल आम्ही शून्यापासून लिहिली नाही. आमचं काम आपला विशिष्ट कोअर त्याला नीट समजावून सांगायचं आणि स्टब लिहायचा. आणि ते समजावणं किती गरजेचं आहे बघ.

जीडीबी आणि स्टब यांचं बोलणं अगदी साधं असतं. आधी डॉलरचं चिन्ह, मग मजकूर, मग हॅश आणि दोन हेक्स आकड्यांचा चेकसम. चेकसम म्हणजे मजकुरातल्या अक्षरांच्या कोडची बेरीज, २५६ ने भागून उरते ती. सगळी रजिस्टर मागायचं पॅकेट म्हणजे नुसतं इंग्रजी जी हे अक्षर, त्याचा आस्की कोड हेक्समध्ये ६७, म्हणून चेकसमपण ६७. उत्तरात स्टब सगळी रजिस्टर एकामागोमाग एक हेक्समध्ये लिहून पाठवतो, मध्ये नावं नाहीत, नंबर नाहीत, स्वल्पविरामसुद्धा नाही. कुठला आकडा कुठल्या रजिस्टरचा हे दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक असतं असं गृहीत धरलेलं आहे. शिवाय बाइटचा क्रम टार्गेटचा असतो, आपला लिटल एंडियन, म्हणजे पीसी ००००१२३४ असेल तर वायरवर ३४१२०००० जातं.

आता आमच्या कोअरमध्ये एक्स० ते एक्स१५ आणि पीसी, म्हणजे सतरा शब्द. ईएलएफ फाइल न देता, नुसतं आर्किटेक्चर ३२ बिट सांगून जीडीबी जोडला की तो धरून चालतो की रजिस्टर ३२ आहेत आणि त्यांच्यानंतर पीसी. आमचे सतरा शब्द पोचले की तो पहिले सोळा बरोबर घेतो, आणि सतरावा, जो पीसी आहे, तो एक्स१६ म्हणजे ए६ म्हणून दाखवतो! जे रजिस्टर आमच्या सिलिकॉनमध्ये नाहीच त्यात एक छानसा पत्ता दिसतो. मग पीसीसाठी तो वेगळं पॅकेट पाठवतो, पी आणि पुढे हेक्स २०, म्हणजे ३२ नंबरचं रजिस्टर दे. स्टबने त्याला काहीतरी शून्यबिन्य उत्तर दिलं की संपलं, प्रोग्राम शून्य पत्त्यावर उभा आहे असं दिसतं आणि आपण रिसेट व्हेक्टर तपासत बसतो.

उपाय म्हणजे टार्गेट डिस्क्रिप्शन. जोडणी झाल्या झाल्या जीडीबी स्टबला विचारतो तुला काय काय येतं, तेव्हा स्टबने सांगायचं माझ्याकडे एक्सएमएलमध्ये रजिस्टरची यादी आहे. त्या यादीत रिस्क-फाइव्हचं ठरलेलं फीचर नाव, आणि आत एक्स० ते एक्स१५ आणि पीसी एवढंच. वरची सोळा दिसली नाहीत की जीडीबी आपोआप समजतो की हा ई प्रकारचा कोअर आहे. फीचरचं आणि रजिस्टरचं नाव मात्र अगदी ठरलेलंच हवं, एक अक्षर चुकलं तर जुळत नाही. ईएलएफ फाइलच्या हेडरमध्येपण ई प्रकाराची एक खूण असते आणि नवे जीडीबी ती वाचतात, पण मी तरी तिच्यावर विसंबून राहत नाही, बोर्डनं स्वतःच सांगावं हे बरं. शेतात लॅपटॉप घेऊन उभं असताना हातात बरोबर ईएलएफ असेलच असं नाही.

अमळनेरी, सध्या पुणे

भाऊ, बठ्ठं वाची काढं, भारी लिखेल शे. एक भर घालतो. जी पॅकेटच्या उत्तरात एखादं रजिस्टर स्टबला वाचता येत नसेल तर त्याच्या जागी हेक्स आकड्यांऐवजी इंग्रजी एक्स अक्षरं पाठवता येतात, ३२ बिटला आठ. जीडीबी मग ते रजिस्टर अनअव्हेलेबल असं दाखवतो. प्रोटोकॉलमध्ये ही सोय मुद्दाम दिलेली आहे पण इंटरनेटवर फिरणारे निम्मे स्टब तिथं शून्य भरतात.

तापीकाठ, भुसावळ

अगदी मनातलं बोललात. हाच माझा मुद्दा. आम्ही सुरुवातीला एका पुरवठादाराकडून पॅनलचं बोर्ड घेतलं होतं, त्याच्याबरोबर आलेला स्टब न वाचता येणाऱ्या सगळ्या रजिस्टरमध्ये शून्य टाकायचा. अपवाद कशामुळे आला ते सांगणारं एमकॉज रजिस्टर शून्य दिसतंय म्हणून आमचा मित्र कितीतरी वेळ इन्स्ट्रक्शन ॲड्रेस मिसअलाइन्ड नावाची चूक शोधत होता, कारण त्या रजिस्टरमध्ये शून्य म्हणजे तोच अपवाद. प्रत्यक्षात स्टबने ते रजिस्टर वाचलेलंच नव्हतं. शून्य हाही एक अर्थ असलेला आकडा आहे, विशेषतः प्रोसेसरच्या स्टेटस रजिस्टरांत.

अरुणावती, शिरपूर

मी इंजिनिअरिंग कॉलेजला शिकवते. आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी स्वतःचा कोअर केलाय आणि तो रिस्क-फाइव्ह नाही, इन्स्ट्रक्शन सेट पूर्ण त्यांचा आहे. असेंबलर पायथॉनमध्ये लिहिलाय. त्यांना जीडीबी हवाय. कुठून सुरुवात करावी? एका सेमिस्टरमध्ये होण्यासारखं आहे का?

अमळनेरी, सध्या पुणे

मॅडम, क्रम असा की जीडीबीच्या आधी बिनयुटिल्स, म्हणजे असेंबलर, लिंकर वगैरेंचा संच. जीडीबी स्वतः ईएलएफ वाचत नाही, ते काम बीएफडी लायब्ररी करते, आणि डिसअसेंब्ली ऑपकोड्स लायब्ररी करते. दोन्ही बिनयुटिल्सच्याच झाडात, जीडीबीपण त्याच रिपॉझिटरीत. म्हणजे बीएफडीमध्ये नवं आर्किटेक्चर, ऑपकोड्समध्ये इन्स्ट्रक्शनचा तक्ता, मग गॅस असेंबलर, आणि मग जीडीबीची टीडेप फाइल आणि कॉन्फिगरच्या फाइलमध्ये एक नोंद. पायथॉनचा असेंबलर असला तर ड्वार्फची लाइन माहिती तो काढत नसणार, त्यामुळे सोर्स लाइनवर ब्रेकपॉइंट लागणार नाही, फक्त पत्त्यावर. एका सेमिस्टरला पत्त्यावरचा ब्रेकपॉइंट, रजिस्टर, मेमरी, स्टेप आणि डिसअसेंब्ली एवढं होईल. सी कंपायलरशिवाय बॅकट्रेसच्या, म्हणजे कोणत्या फंक्शनला कोणी बोलावलं ती साखळी दाखवण्याच्या, मागे लागू नका.

तापीकाठ, भुसावळ

ताई, अमळनेरी भाऊंनी सांगितलं ते बरोबरच, पण माझं म्हणणं बिनयुटिल्सच्याही आधी मुलांना एका कागदावर एबीआय, म्हणजे फंक्शनांनी एकमेकांना बोलावायचे ठरलेले नियम, लिहायला लावा. कोणत्या रजिस्टरमध्ये आर्ग्युमेंट जातात, परतीचा पत्ता कुठं राहतो, कोणती रजिस्टर बोलावलेल्या फंक्शनने जपायची, स्टॅक कुठल्या दिशेने वाढतो, त्याची अलाइनमेंट किती. इन्स्ट्रक्शन सेट तयार असतो आणि हा कागद नसतो, असं मी बऱ्याच प्रोजेक्टमध्ये बघितलंय. मग असेंबलर लिहिणारा एक धरतो, डीबगर लिहिणारा दुसरं.

आमच्याच ई प्रकाराचं उदाहरण घ्या. नेहमीच्या रिस्क-फाइव्हमध्ये आर्ग्युमेंटला ए० ते ए७ अशी आठ रजिस्टर, जपायची एस० ते एस११ अशी बारा, स्टॅक १६ बाइटला अलाइन. ई प्रकारच्या एबीआयमध्ये आर्ग्युमेंटला ए० ते ए५ सहाच, जपायची फक्त एस० आणि एस१, स्टॅक ४ बाइटला अलाइन. बेरीज-वजाबाकीच्या इन्स्ट्रक्शन त्याच, पण सातवा आर्ग्युमेंट एकात रजिस्टरमध्ये आणि दुसऱ्यात स्टॅकवर. जीडीबीमधून प्रोग्रामचं फंक्शन हाताने चालवून बघायचं असेल तर हा फरक माहीत नसलेला डीबगर सातवा आर्ग्युमेंट नसलेल्या रजिस्टरात टाकायला जाणार.

आणि नंबरांचा तक्ता. हे मुलांना नक्की दाखवा. रिस्क-फाइव्हमध्ये ड्वार्फच्या नंबरात ० ते ३१ एक्स रजिस्टर, आणि ३२ पासून फ्लोटिंग पॉइंटची एफ० वगैरे. जीडीबीच्या स्वतःच्या नंबरात ० ते ३१ एक्स, ३२ म्हणजे पीसी, ३३ पासून एफ०, आणि पुढे ६५ पासून सीएसआर, म्हणजे कंट्रोल-स्टेटस रजिस्टर. तोच ३२ आकडा, ड्वार्फमध्ये एफ०, जीडीबीत पीसी. आपल्या सातबाऱ्यावर जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर असतो ना, तोच आकडा पण शेत वेगळं, तसं आहे हे. म्हणून जीडीबीआर्कमध्ये ड्वार्फचा नंबर घेऊन जीडीबीचा नंबर देणारं एक फंक्शन द्यावंच लागतं. ते नाही दिलं आणि नंबर दोन्हीकडे सारखेच धरले गेले तर एफ० मध्ये ठेवलेला फ्लोट व्हेरिएबल विचारला की पीसीचा आकडा मिळणार. एरर काही येणार नाही, दिसायला सगळं ठीक.

अरुणावती, शिरपूर

कागदाची सूचना फार पटली. उद्याच बसवते त्यांना. रिस्क-फाइव्हवर वळवावं का असंही मनात येतंय, सीडॅकच्या वेगा प्रोसेसरचा एरीज बोर्ड आणि आयआयटी मद्रासचं शक्ती असं देशी कामपण त्याच्यावर आहे.

तापीकाठ, भुसावळ

शिकायला दोन्ही चांगलं ताई. स्वतःचा इन्स्ट्रक्शन सेट केला की प्रत्येक निर्णय का घ्यावा लागतो ते कळतं. पण जे शेतात बसवायचंय त्याला रिस्क-फाइव्हच घ्या, कंपायलर आणि डीबगर तयार मिळतो ही लहान गोष्ट नाही.

एरीजचा विषय काढलात म्हणून, त्यावरचा तेजस३२ हा आरव्ही३२आयएम आहे, म्हणजे कॉम्प्रेस्ड इन्स्ट्रक्शन नाहीत. ब्रेकपॉइंटच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट म्हणजे मूळ इन्स्ट्रक्शन उचलून ठेवायची आणि तिथं ईब्रेक लिहायची. रिस्क-फाइव्हमध्ये ईब्रेक दोन आहेत, चार बाइटची हेक्स ००१०००७३ आणि दोन बाइटची ९००२. कॉम्प्रेस्ड नसलेल्या कोअरवर दोन बाइटची लिहिली तर ती ईब्रेक म्हणून ओळखलीच जात नाही. उलट आमच्यासारख्या कोअरवर दोन बाइटच्या इन्स्ट्रक्शनवर चार बाइटची लिहिली तर शेजारची इन्स्ट्रक्शनपण खाल्ली जाते.

हे शेजारी खाण्याचं नीट समजून घ्या. समजा लूपची सुरुवात पत्ता १०२ वर आहे आणि आपण १०० वरच्या दोन बाइटच्या इन्स्ट्रक्शनवर ब्रेकपॉइंट लावला. चार बाइटची ईब्रेक लिटल एंडियनमध्ये बसली की १०० वर ००७३ आणि १०२ वर ००१०. वरून सरळ येणारा प्रोग्राम १०० ला बरोबर थांबतो, सगळं झकास. पण खालून उडी मारून १०२ ला येणारा प्रोग्राम ००१० ही दोन बाइटची इन्स्ट्रक्शन म्हणून वाचतो, ते एन्कोडिंग राखीव आहे, आमचा कोअर इल्लीगल इन्स्ट्रक्शनचा ट्रॅप देतो, म्हणजे चालू काम सोडून ठरलेल्या हँडलरकडे उडी मारतो. डीबगर लावला की बिघडतं आणि काढला की चालतं, असा बग. म्हणून जीडीबी ब्रेकपॉइंट लावायच्या आधी त्या पत्त्यावरची इन्स्ट्रक्शन वाचतो, दोन बाइटची की चारची ते बघतो आणि तेवढीच ईब्रेक लावतो. ब्रेकपॉइंटचा प्रकार आणि त्याचे बाइट अशी दोन वेगळी फंक्शनं जीडीबीआर्कमध्ये आहेत ती याच्यासाठी. लांबी ब्रेकपॉइंटच्या झेड पॅकेटमध्ये स्टबलापण कळवली जाते, तेव्हा स्टबने ती पाळली पाहिजे. आमच्या पुरवठादाराचा तो स्टब सरसकट चारच लिहायचा.

अजून एक, ईब्रेक लागल्यावर पीसी कुठं असतो. रिस्क-फाइव्हमध्ये तो ईब्रेकच्याच पत्त्यावर राहतो. एक्स८६ वर एका बाइटची हेक्स सीसी असते आणि ती लागली की पीसी एक बाइट पुढे गेलेला असतो, म्हणून तिथं जीडीबीला एक मागे यायला सांगावं लागतं. आपल्या कोअरमध्ये काय होतं ते सिम्युलेशनच्या वेव्हफॉर्ममध्ये बघून मगच तो आकडा भरा. आणि इन्स्ट्रक्शन कॅश असेल तर मेमरीत लिहून झाल्यावर फेन्स-आय (कॅशला नवा कोड घ्यायला लावणारी इन्स्ट्रक्शन) चालवल्याशिवाय स्टबने पुढे जाऊ नये, नाहीतर लिहिलेली ईब्रेक मेमरीत आहे आणि कॅशमधून जुनीच चालतेय.

केळीचा_घड, रावेर

मी तर शेतकरी माणूस, डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा, तुमचं निम्मं डोक्यावरून गेलं. पण मला एक सांगा भाऊ, तुम्ही हा ब्रेकपॉइंट लावून प्रोग्राम थांबवता, तेव्हा मोटर चालू असली तर? सबमेनला प्रेशर आहे, एक व्हॉल्व्ह बंद होऊन दुसरा उघडायच्या मध्येच तुम्ही थांबवलं तर पाइप फुटेल ना?

तापीकाठ, भुसावळ

भाऊ, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. डीबगरच्या पुस्तकात हे नसतं. प्रोसेसर थांबला म्हणून पाणी थांबत नाही.

आम्ही असं केलंय. वॉचडॉग, म्हणजे प्रोग्राम अडकला तर आपोआप कारवाई करणारी सर्किटं, दोन ठेवलेत. एक कोअर रिसेट करणारा, तो डीबगमध्ये थांबवावा लागतो, नाहीतर तुम्ही ब्रेकपॉइंटवर रजिस्टर बघताय आणि तेवढ्यात बोर्ड रिसेट. दुसरा मोटरच्या स्टार्टरचा. प्रोग्राम जिवंत आहे म्हणून कोअरने सारखी पल्स देत राहायची, पल्स थांबली की वेगळ्या सर्किटमधली रिले पडते आणि मोटर बंद होते. हा दुसरा वॉचडॉग डीबगरला कधीच थांबवता येत नाही, मुद्दाम तसा वायर केलाय, सॉफ्टवेअरच्या हातात नाही. शिवाय स्टबमध्ये शिरल्या शिरल्या पहिलं काम मोटर बंद, व्हॉल्व्ह आहेत तसे राहू द्यायचे. मोटर चालू ठेवून व्हॉल्व्ह बंद करायचा क्रम कधीच नाही. आणि बागेत खऱ्या मोटरवर ब्रेकपॉइंट आम्ही लावतच नाही, तिथं फक्त मेमरी वाचतो, बाकी सगळं घरी टेबलावर व्हॉल्व्हच्या जागी दिवे लावून.

पण मोटर बंद केल्यामुळे एक गोष्ट बदलते ती लक्षात ठेवायची. आउटपुटचं रजिस्टर तुम्ही जीडीबीत वाचलंत तर स्टबने मोटर बंद केल्यानंतरचं दिसेल, प्रोग्रामने लिहिलेलं नाही. म्हणून स्टब ते रजिस्टर बदलायच्या आधी जपून ठेवतो, आणि त्या पत्त्यावरची मेमरी जीडीबीने मागितली की जपलेला आकडा देतो.

केळीचा_घड, रावेर

हे बरं केलं. रात्रीच्या लाइटला बागेत कोणी नसतं, तेव्हा रिले वेगळी पाहिजेच. स्टार्टरचं सर्किट बघायला येतो एकदा, कॉन्टॅक्टरच्या कॉइलचं काही असेल तर मी सांगू शकतो.

तापीकाठ, भुसावळ

नक्की या भाऊ, तुमची नजर हवीच आहे त्याला.

पांझरा, धुळे

दादा बॅकट्रेसबद्दल लिहा ना. मी माझ्या बोर्डवर बीटी (बॅकट्रेसची कमांड) मारलं की दोन फ्रेम बरोबर येतात आणि नंतर तोच पत्ता पुन्हा पुन्हा, शेवटी जीडीबी म्हणतो मागची फ्रेम हीच आहे, स्टॅक करप्ट झालाय का. स्टॅक तर ठीक आहे.

तापीकाठ, भुसावळ

स्टॅक ठीकच असणार. बॅकट्रेस म्हणजे डीबगरने केलेली मागची वाटचाल. आत्ताचा एसपी (स्टॅक पॉइंटर) आणि पीसी घ्यायचा, या फंक्शनने स्टॅक किती खाली नेला आणि आरए (परतीचा पत्ता) कुठं ठेवला ते शोधायचं, त्यावरून बोलावणाऱ्याचा एसपी आणि पीसी काढायचा, मग परत तेच. शोधायचे दोन मार्ग. पहिला ड्वार्फची सीएफआय माहिती, कंपायलरने प्रत्येक पत्त्यासाठी लिहून ठेवलेली. दुसरा, ती नसेल तर फंक्शनच्या सुरुवातीच्या इन्स्ट्रक्शन वाचून अंदाज बांधायचा, एसपीमधून १६ वजा झाले, आरए १२ ऑफसेटला गेला, वगैरे. सी फाइलसाठी पहिला मार्ग मिळतो, पण हाताने लिहिलेल्या असेंब्लीला सीएफआय कोणी लिहिलेली नसते.

तुझ्या मेनच्या मागे स्टार्टअपचा असेंब्ली कोड असणार. तिथं आरएमध्ये मेनला बोलावल्यावर परत यायचा पत्ता आहे, आणि तो स्टार्टअपमधलाच. जीडीबीला वाटतं स्टार्टअपलाही कोणीतरी बोलावलंय, आणि आरए बघितला की परत स्टार्टअपच, म्हणून गोल गोल. स्टार्टअपच्या लेबलखाली सीएफआय सुरू करून आरए अनडिफाइन्ड असं एका ओळीत लिही, सीएफआय-अनडिफाइन्ड नावाचा डायरेक्टिव्ह आहे. म्हणजे इथं परतीचा पत्ता नाहीच असं तू जीडीबीला स्पष्ट सांगतोस आणि तो तिथं थांबतो.

वरच्या फ्रेममध्ये जाऊन रजिस्टर बघितलीस तर काहींच्या पुढे नॉट सेव्ह्ड असं दिसू शकेल. त्याला घाबरू नकोस आणि ते घालवायच्या मागे लागू नकोस. ए० किंवा टी० सारखी रजिस्टर बोलावलेलं फंक्शन जपत नाही, त्यामुळे बोलावणाऱ्याच्या वेळी त्यात काय होतं ते आता कोणालाच माहीत नाही. तिथं आत्ताचा आकडा दाखवणारा डीबगर मला नको.

पांझरा, धुळे

चाललं दादा! बीटी मेनच्या मागे स्टार्टअपला येऊन थांबतं. आणि जी पॅकेटमध्ये एक्स अक्षरंपण टाकून बघितली, अनअव्हेलेबल दिसतंय. आता स्टेपचं. माझ्या कोअरला हार्डवेअर स्टेप नाही.

तापीकाठ, भुसावळ

मग स्टबनेच करायचं. आत्ताची इन्स्ट्रक्शन डीकोड करायची, पुढचा पीसी काढायचा आणि तिथं तात्पुरती ईब्रेक. साध्या इन्स्ट्रक्शनला पीसी अधिक दोन किंवा चार. ब्रँच असेल तर जपलेल्या रजिस्टरांवरून तुलना स्टबनेच करायची. जाल्‌आर असेल तर रजिस्टर अधिक ऑफसेट आणि शेवटचा बिट शून्य करायचा, हा बिट विसरू नकोस. कॉम्प्रेस्ड उड्या आणि ब्रँच वेगळ्या डीकोड कराव्या लागतात.

इंटरप्ट मात्र सांभाळ. स्टेप सुरू करताना टायमरचा इंटरप्ट वाट बघत असेल तर एमरेट (ट्रॅपमधून परतायची इन्स्ट्रक्शन) झाल्या झाल्या तो हँडलरमध्ये जातो. आम्ही जपलेल्या एमस्टेटसमधला एमपीआयई बिट तेवढ्यापुरता शून्य करतो, म्हणजे एमरेटनंतर इंटरप्ट बंद राहतो, एक इन्स्ट्रक्शन झाली की पूर्ववत. फक्त ती इन्स्ट्रक्शनच एमस्टेटस वाचणारी किंवा लिहिणारी असेल तर ती आम्ही चालवत नाही, स्टबमध्ये तिचं काम स्वतः करून रजिस्टरमध्ये खरा आकडा भरतो. नाहीतर प्रोग्रामला इंटरप्ट बंद दिसेल आणि तो तसाच कुठेतरी जपून ठेवेल.

पांझरा, धुळे

शेवटचं विचारतो. टायमरच्या इंटरप्ट हँडलरच्या पहिल्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला. थांबतो बरोबर. पण कंटिन्यू केलं की प्रोग्राम परत मूळ जागी जातच नाही, हँडलरमध्येच फिरत राहतो. स्टबमध्ये काय चुकलं असेल?

अमळनेरी, सध्या पुणे

स्टबमध्ये चूक नाही. तुझा स्टब मशीन मोडमध्ये ट्रॅप हँडलर म्हणून चालतो ना? मग ईब्रेक हाही एक ट्रॅपच. टायमरचा इंटरप्ट आला तेव्हा परतीचा पत्ता एमईपीसीमध्ये गेला. हँडलरने तो अजून स्टॅकवर जपलेला नाही आणि तेवढ्यात पहिल्याच ओळीवर ईब्रेक लागली, तिने एमईपीसीवर स्वतःचा पत्ता लिहिला. मूळ पत्ता गेला. म्हणून तर रिस्क-फाइव्हच्या डीबग स्पेसिफिकेशनमध्ये डीबग मोड वेगळा आहे आणि त्याचं डीपीसी नावाचं रजिस्टर वेगळं आहे, एमईपीसीला हात लागत नाही. जेटॅग (चिपचं डीबग पोर्ट) आणि ओपनओसीडी (ते जीडीबीला जोडणारं सॉफ्टवेअर) वापरलंस तर हा प्रश्न येत नाही.

तापीकाठ, भुसावळ

अगदी हेच. डीबग मॉड्यूल एफपीजीएत बसत असेल तर तेच टाक, आमच्याही पुढच्या बोर्डात टाकायचंय. तोपर्यंत स्टबमध्ये एक पत्त्यांची पट्टी ठेव, ट्रॅप हँडलरच्या सुरुवातीपासून ते एमईपीसी, एमकॉज आणि एमस्टेटस स्टॅकवर जपून होईपर्यंतची, दोन्ही टोकांना असेंब्लीत लेबल दे म्हणजे कोड बदलला तरी पट्टी आपोआप सरकते. त्या पट्टीत ब्रेकपॉइंट मागणारं झेड पॅकेट आलं की एररचं उत्तर दे. रिकामं उत्तर देऊ नकोस हां, रिकाम्याचा अर्थ मला हे पॅकेट येत नाही असा होतो आणि मग जीडीबी स्वतःच मेमरीत ईब्रेक लिहून मोकळा होतो. एरर दिली की तो ब्रेकपॉइंट लावता येत नाही असं स्क्रीनवर सांगतो, आणि तू पट्टीच्या पुढच्या ओळीवर लावतोस. स्टेप करतानापण पुढचा पत्ता त्या पट्टीत पडत असेल तर एकेक इन्स्ट्रक्शन न चालवता पट्टी संपते तिथं एकदम ईब्रेक टाक.

माझा स्टब नीट कॉमेंट लिहून झाला की इथंच टाकतो, तोवर तुझा पट्टीचा कोड इथं चिकटव, बघून देतो.